बंदिवास इ.स.पू. ५३८ मध्ये खरोखर संपला का? बायबलमधील बंदिवास, सुटका आणि नवी उत्पत्ती

प्रश्न दोन भागांत विचारला आहे. पहिला भाग असा : पारसाचा राजा कोरेश (सायरस) याने इ.स.पू. ५३८ च्या सुमारास, बाबेलला (बॅबिलोनला) बंदी करून नेलेल्या यहूद्यांना मायदेशी परतण्याची परवानगी दिली, पुढे मंदिरही पुन्हा उभे राहिले, म्हणजे बंदिवास संपला. मग नव्या करारातील माणसे सुटका अजून व्हायची आहे अशा सुरात का बोलतात? दुसरा भाग असा : यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात या सुटकेचे वर्णन चालू असताना मध्येच आकाश, पृथ्वी आणि समुद्र यांच्या निर्मितीचा विषय का निघतो? जुना करार शिकवताना हे दोन प्रश्न मला बहुधा वेगवेगळ्या लोकांकडून ऐकावे लागतात. येथे ते एकत्र आले हे फार चांगले झाले, कारण माझ्या मते दोहोंचे उत्तर एकच आहे. बायबलच्या लेखी बंदिवासाचा गाभा देश सुटणे हा नसून देवाचे सान्निध्य लोकांमधून निघून जाणे हा आहे, आणि ते सान्निध्य गेले की सृष्टीची घडीच मोडते. म्हणून सीमा ओलांडून घरी पोहोचल्याने बंदिवास पुरता संपत नाही, आणि जो तो संपवील तो सृष्टी घडवणाराच असावा लागतो.

आधी इतिहास थोडक्यात पाहू. उत्तरेकडील इस्राएलाची राजधानी शोमरोन इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरच्या हाती पडली आणि तेथील लोकांची पांगापांग झाली. दक्षिणेकडील यहूदाचा तरुण राजा यहोयाखीन याला बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलला नेले आणि इ.स.पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेम व मंदिर जाळले. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात तीन खेपांना नेलेल्या लोकांची एकूण संख्या ४,६०० दिली आहे; राजांच्या दुसऱ्या पुस्तकात पहिल्याच खेपेला दहा हजार नेल्याचे म्हटले आहे. मोजणीची पद्धत काहीही असो, देशातील सगळी माणसे गेली नव्हती, गोरगरीब शेतकरी मागे राहिले होते. गेलेल्यांची स्थितीही नेहमी साखळदंडांची नव्हती. यहोयाखीन आणि त्याच्या मुलांना तेलाचा शिधा दिल्याची नोंद बाबेलच्या उत्खननात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर आहे. ‘अल-याहूदू’ म्हणजे ‘यहूदाचे गाव’ नावाच्या बाबेलमधील वस्तीचे दस्तऐवज आता उपलब्ध आहेत, आणि त्यांत यहूदी नावांची माणसे जमीन कसताना, कर भरताना, देणीघेणी करताना दिसतात. यिर्मयाने पत्रातून त्यांना हेच सांगितले होते : घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हांला नेले त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा.

हे मी मुद्दाम सांगतो. पोटापाण्याच्या दृष्टीने अनेकांचे बरे चालले होते, तरीही बाबेलच्या नद्यांकाठी गाइलेले १३७ वे स्तोत्र रडते. त्या रडण्याचे कारण उपासमारीत शोधून सापडणार नाही. ते यहेज्केलात सापडते.

यहेज्केल हा संदेष्टा याजकाच्या घराण्यातला, इ.स.पू. ५९७ च्या खेपेत बाबेलला नेलेला. खबार नदीकाठी त्याला दर्शने झाली. आठव्या ते अकराव्या अध्यायांत तो दर्शनात यरुशलेमात आहे आणि परमेश्वराचे तेज मंदिर सोडताना पाहतो. ते एकाएकी जात नाही. आधी परमपवित्रस्थानातून, म्हणजे मंदिराच्या सर्वांत आतल्या खोलीतून, उंबरठ्यावर येते, मग करुबांवर (पंख असलेल्या स्वर्गीय रक्षकांवर) बसून पूर्वेच्या वेशीपाशी थांबते, शेवटी नगराच्या पूर्वेकडील डोंगरावर जाऊन उभे राहते. नगर पडण्यापूर्वी काही वर्षे हे घडलेले आहे. म्हणजे बाबेलच्या सैनिकांनी जाळले ते मंदिर यहेज्केलाच्या दृष्टीने आधीच रिकामे झाले होते. आणि त्याच दर्शनात एक वाक्य असे आहे, ज्यावर मी प्रत्येक वर्गात थांबतो : दूर देशांत पांगवलेल्या लोकांसाठी परमेश्वर म्हणतो की, तेथे काही काळ मीच त्यांचे पवित्रस्थान झालो. जे तेज नगर सोडते, ते हद्दपार झालेल्यांच्या वाटेने जाते. बंदिवासातली सगळी आशा या वाक्यावर उभी आहे.

आता हेच चित्र घेऊन उत्पत्तीच्या पुस्तकाकडे जावे. आदाम आणि हव्वा यांना एदेन बागेबाहेर घालवले जाते, आणि बागेच्या पूर्वेस करूब व फिरणारी तरवार ठेवली जाते. काइन एदेनच्या पूर्वेस नोद देशात भटकतो. माणसे पूर्वेच्या बाजूने सरकत शिनारच्या मैदानात येतात आणि तेथे बुरूज बांधू लागतात. त्या नगराचे नाव बाबेल. म्हणजे बायबलचे पहिले अकरा अध्याय देवासमोरून निघून बाबेलला पोहोचतात, आणि त्यानंतर त्याच मुलुखातील ऊर नगरातून अब्राहामाचे घराणे बाहेर पडते. बंदिवासात बसून ही पाने वाचणाऱ्या यहूद्याला ती दूरच्या पूर्वजांची गोष्ट वाटली नसेल, स्वतःचीच वाटली असेल. मंदिराची रचनाही त्याला हेच आठवण करून देत असे : प्रवेश पूर्वेकडून, आतल्या पडद्यावर करूब विणलेले, भिंतींवर खजुराची झाडे आणि फुले. मंदिर ही माणसाला परत दिलेली एदेन बागेतली जागा होती. ती गेली तेव्हा पहिली हकालपट्टी पुन्हा घडली. म्हणूनच यिर्मया चौथ्या अध्यायात यहूदाच्या नाशाचे वर्णन करताना सैन्य, वेढा, आग यांपाशी थांबत नाही. तो म्हणतो की मी पृथ्वीकडे पाहिले तो ती आकारविरहित व शून्य होती, आकाशाकडे पाहिले तो तेथे प्रकाश नव्हता, माणूस नव्हता, पाखरे उडून गेली होती. उत्पत्तीचा पहिला अध्याय उलट्या दिशेने वाचावा तसे ते दृश्य आहे. प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे निम्मे उत्तर येथेच मिळते. नाश हा सृष्टी उसवण्याच्या भाषेत सांगितला असेल, तर सुटका सृष्टी पुन्हा घडवण्याच्या भाषेतच सांगावी लागणार.

उरलेले निम्मे उत्तर बाबेलच्या रस्त्यांवर आहे. बाबेलमध्ये नववर्षाच्या उत्सवात निर्मितीचे महाकाव्य म्हटले जाई. मर्दूक देवाने समुद्ररूपी तियामतला मारून तिच्या देहाचे दोन भाग केले, त्यांतून आकाश आणि पृथ्वी घडवली, आणि इतर देवांनी त्याच्यासाठी बाबेल नगर बांधले, असे ते काव्य सांगते. म्हणजे ज्या राज्याने तुमचे मंदिर जाळले, त्या राज्याचा दावा असा होता की जग आमच्याच देवाने घडवले आहे आणि आमचे नगर त्या रचनेचे केंद्र आहे. अशा ठिकाणी ‘तुमचा देव तुम्हांला सोडवील’ असे कोणी म्हटले तर ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न हाच असणार की, त्याच्या हातात आहे तरी काय? यशयाचे चाळिसावे आणि पुढचे अध्याय या प्रश्नाला उत्तर देतात. आपल्या ओंजळीने पाणी कोणी मोजले? आकाशातील तारे नावानिशी बाहेर कोण आणतो? मी प्रकाश घडवतो आणि अंधार उत्पन्न करतो. बाबेलचे बेल आणि नबो हे देव मात्र शेहेचाळिसाव्या अध्यायात जनावरांच्या पाठीवर लादलेले ओझे आहेत. त्यांना वाहून न्यावे लागते, आणि इस्राएलाचा देव आपल्या लोकांना जन्मापासून वाहून नेतो. निर्मितीचा विषय येथे सजावटीसाठी आलेला नाही, सुटकेचा सगळा भरवसा त्याच्यावर टाकलेला आहे. (हे अध्याय आठव्या शतकातील यशयाने पुढचे पाहून लिहिले की सहाव्या शतकात बंदिवासाच्या अखेरीस लिहिले गेले, यावर परंपरा आणि बहुतेक आधुनिक अभ्यासक यांचे मत वेगळे आहे. दोन्ही बाजूंनी ते बाबेलमधील श्रोत्यांना उद्देशून आहेत, हे मान्य असल्याने माझ्या मांडणीत त्याने फरक पडत नाही.)

कोरेशाच्या बाबतीत हा सामना अगदी समोरासमोर झालेला दिसतो. १८७९ मध्ये बाबेलच्या अवशेषांत सापडलेला आणि आज ब्रिटिश म्युझियममध्ये असलेला मातीचा दंडगोल सांगतो की, मर्दूकाने सगळ्या देशांत न्यायी राजा शोधला, कोरेशाचा हात धरला आणि त्याला बाबेलमध्ये आणले. यशयाचा पंचेचाळिसावा अध्याय सांगतो की, परमेश्वराने आपला अभिषिक्त कोरेश याचा उजवा हात धरला आहे, जरी तो त्याला ओळखत नाही. एकच राजा, हात धरण्याची एकच राजभाषा, आणि धरणारा कोण यावर दोन परस्परविरोधी साक्षी. दंडगोलात यरुशलेमाचा उल्लेख नाही हेही सांगायला हवे. देवांच्या मूर्ती आणि लोक आपापल्या ठिकाणी परत पाठवल्याचे त्यात सर्वसाधारणपणे म्हटले आहे, आणि एज्राच्या पुस्तकातील हुकूम त्या धोरणाशी जुळतो एवढेच त्यावरून म्हणता येते. मंचावरून याहून अधिक दावे केले जातात, ते टाळावेत.

सुटका या कल्पनेबद्दल आता बोलले पाहिजे, कारण येथे आपण फार घाई करतो आणि सरळ आत्मिक अर्थाकडे जातो. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात ती शेतजमिनीची आणि कर्जाची बाब आहे. एखादा इस्राएली कंगाल होऊन आपले वतन विकतो किंवा स्वतःलाच दास म्हणून विकतो, तेव्हा त्याच्या जवळच्या नातलगाने पुढे येऊन ते वतन सोडवावे, त्या माणसाला सोडवावे, असा नियम आहे. रूथच्या पुस्तकात बवाज हेच करतो. सोडवणारा हा कोणी उदार परका नसतो. रक्ताच्या नात्यामुळे त्याच्यावर ती जबाबदारी येते, आणि किंमत त्याच्या पदरची जाते. यशया हाच शब्द परमेश्वरासाठी वारंवार वापरतो आणि त्याने एक धाडसी गोष्ट सुचवतो : परमेश्वर इस्राएलाचा नातलग आहे. तुम्हांला मी कोणत्या सावकाराला विकले, असे तो पन्नासाव्या अध्यायात विचारतो, आणि स्वतःच उत्तर देतो की, तुम्ही आपल्या अपराधांमुळे विकले गेलात. मग त्रेचाळिसाव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात निर्मिती आणि सुटका एका दमात येतात. ज्याने तुला उत्पन्न केले, ज्याने तुला घडवले, तो म्हणतो, भिऊ नकोस, मी तुला सोडवले आहे.

या अध्यायांची रचना नीट पाहिली तर कर्ज दोन प्रकारचे आहे हे कळते. एक बाबेलचे, दुसरे पापाचे. पहिले कोरेश फेडतो. अठ्ठेचाळिसाव्या अध्यायाच्या शेवटी ‘बाबेलातून बाहेर निघा’ अशी आरोळी होते, आणि त्यानंतर पुस्तकाच्या अखेरपर्यंत बाबेलचे नाव पुन्हा येत नाही, कोरेशाचेही येत नाही. तरी अठरा अध्याय उरतात. बाबेल मागे पडूनही काम शिल्लक आहे, आणि ते काम एकोणपन्नासाव्या अध्यायापासून परमेश्वराच्या सेवकाकडे सोपवले जाते. त्याने इस्राएलाला देवाकडे परत आणायचे आहे, राष्ट्रांना प्रकाश व्हायचे आहे, आणि त्रेपन्नाव्या अध्यायात तो पुष्कळांचे अपराध आपल्या अंगावर घेऊन जिवंतांच्या भूमीतून काढून टाकला जातो. ‘जिवंतांच्या भूमीतून’ हे शब्द लक्षपूर्वक वाचावेत : लोकांना घरी आणणारा सेवक स्वतः सर्वांत दूरच्या हद्दपारीत जातो. त्यानंतरच पंचावन्नाव्या अध्यायात डोंगर गाऊ लागतात आणि काटेरी झुडपांच्या जागी सरू उगवतो, म्हणजे बागेबाहेर घालवताना जमिनीला मिळालेला काट्यांचा शाप मागे सरतो. पुढे पासष्टाव्या अध्यायात नवे आकाश व नवी पृथ्वी यांचे वचन आहे, आणि ते किती जमिनीवरचे आहे ते पाहावे : लोक घरे बांधतील व त्यांत राहतील, द्राक्षमळे लावतील व त्यांचे फळ खातील. बाबेलच्या वस्तीत दुसऱ्याच्या राज्यात जे करायला यिर्मयाने सांगितले होते, तेच येथे आपल्या भूमीत, कोणी हिरावून घेणार नाही अशा रीतीने दिले जाते.

आता प्रश्नाचा पहिला भाग. परतणे खरे होते, त्याला कमी लेखू नये. एज्राच्या यादीत ४२,३६० माणसे आहेत. पण पायाभरणीच्या वेळी ज्यांनी पहिले मंदिर पाहिले होते ते म्हातारे मोठ्याने रडले. इ.स.पू. ५२० मध्ये हाग्गय संदेष्टा विचारतो की, हे घर तुम्हांला पूर्वीच्या मानाने काहीच नाही असे वाटत नाही काय? मंदिर पुढे पाच वर्षांच्या आत पुरे झाले, आणि येथे काय घडले यापेक्षा काय घडले नाही हे महत्त्वाचे आहे. निर्गमाच्या शेवटी निवासमंडप (मंदिराआधीचा उपासनेचा तंबू) पूर्ण होताच तेजाने भरला आणि मोशेला आत जाता येईना. शलमोनाचे मंदिर पूर्ण होताच ढगाने भरले आणि याजकांना उभे राहवेना. एज्राच्या सहाव्या अध्यायात दुसऱ्या मंदिराचे अर्पण आहे, बैल आहेत, मेंढे आहेत, आनंद आहे. ढग नाही, तेज नाही. यहेज्केलाने त्रेचाळिसाव्या अध्यायात पाहिले होते की तेज पूर्वेकडूनच परत येते. ते आल्याचे जुना करार कोठेही नोंदवत नाही. एज्रा प्रार्थनेत म्हणतो की आम्ही दास आहोत. नहेम्याच्या नवव्या अध्यायात लोक म्हणतात की पूर्वजांना दिलेल्या याच भूमीत आम्ही आज दास आहोत. दानीएलाच्या नवव्या अध्यायात यिर्मयाची सत्तर वर्षे सत्तर सप्तकांपर्यंत (सप्तक म्हणजे सात वर्षांचा गट) लांबतात. इब्री शास्त्राचा जो क्रम पुढे रूढ झाला, त्यात इतिहासाचे दुसरे पुस्तक शेवटी येते, आणि त्याचे अंतिम वाक्य म्हणजे कोरेशाचे निमंत्रण आहे की, त्याच्या लोकांपैकी जो कोणी असेल त्याने वर जावे. तेथे पुस्तक थांबते.

सगळे यहूदी या काळात स्वतःला बंदिवासात समजत होते, असे मात्र मी म्हणणार नाही. काही अभ्यासक ते सरसकट म्हणतात, आणि तेथे पुरावा ताणला जातो असे मला वाटते. त्या काळातील यहूदी ज्ञानी बेन सिराख याच्या पुस्तकाचा चोविसावा अध्याय देवाचे ज्ञान सियोनात (यरुशलेमात) वस्तीला आले असे आनंदाने सांगतो, आणि पन्नासाव्या अध्यायात शिमोन या प्रमुख याजकाची मंदिरातील शोभा गाइली आहे. त्याला काही कमी असल्याचे जाणवत नाही. आलेक्सांद्रियातील सुस्थित यहूदीही आपल्या नगराला परदेश मानून झुरत नव्हते. पुढेही पांगलेल्या यहूद्यांनी दूरदूरच्या मुलुखांत घरे केली. कोकणातील बेने इस्राएल शतकानुशतके मराठी बोलत, शब्बाथ पाळत आपल्या गावांत नांदले. म्हणून मी एवढेच म्हणतो की, शास्त्रात वचन दिलेले परतणे आणि प्रत्यक्षात झालेले परतणे यांत अंतर राहिले, आणि ज्यांना ते अंतर बोचत होते अशा लोकांमध्ये नवा करार लिहिला गेला.

त्या लेखनाची सुरुवातच याची साक्ष देते. मत्तयाच्या वंशावळीत तीन टप्पे आहेत : अब्राहाम ते दावीद, दावीद ते बाबेलचा बंदिवास, बंदिवास ते ख्रिस्त. तिसऱ्या टप्प्याचा आरंभबिंदू मंदिराची पुनर्बांधणी असू शकला असता. तो बंदिवास आहे. मार्क आपले शुभवर्तमान ‘अरण्यात प्रभूचा मार्ग तयार करा’ या यशयाच्या घोषणेने उघडतो, आणि ती घोषणा मुळात बाबेलहून परतणाऱ्या देवासाठी होती. लूकात शिमोन (हा वरच्या याजकाहून वेगळा) आणि हन्ना मंदिरातच उभे आहेत, आणि तरीही यरुशलेमच्या सुटकेची वाट पाहणाऱ्यांत त्यांची गणना होते. योहान ‘प्रारंभी’ या शब्दाने सुरू करतो, शब्द देही झाला व त्याने आमच्यामध्ये वस्ती केली असे म्हणतो, आणि लगेच सांगतो की आम्ही त्याचे तेज पाहिले. यहेज्केलाच्या त्रेचाळिसाव्या अध्यायाची रिकामी राहिलेली जागा योहान येथे भरतो, असे मी वाचतो. त्याच शुभवर्तमानाच्या शेवटी थडगे बागेत आहे, आठवड्याचा पहिला दिवस आहे, आणि उठलेला येशू शिष्यांवर फुंकर घालतो. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मातीच्या माणसात फुंकलेला श्वास आणि यहेज्केलाच्या सदतिसाव्या अध्यायात वाळलेल्या हाडांवर आलेला वारा, दोन्ही त्या एका कृतीत ऐकू येतात. यहेज्केलाने ती हाडे म्हणजे बंदिवासातील इस्राएल असे स्पष्ट सांगितले होते, आणि भूमीवर परत आणण्याला थडगी उघडण्याची उपमा दिली होती. शुभवर्तमानांत ती उपमा प्रत्यक्ष घटना होते.

पौल हे सगळे फार थोड्या शब्दांत बांधतो. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात ‘जर कोणी ख्रिस्तामध्ये आहे तर तो नवी उत्पत्ती आहे’ असे म्हणून तो पुढच्याच अध्यायाच्या आरंभी यशयाचा एकोणपन्नासावा अध्याय, म्हणजे सेवकाचा अध्याय, उद्धृत करतो. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात मात्र तो ही नवी उत्पत्ती पूर्ण झाल्याचे म्हणत नाही. सबंध सृष्टी कण्हत आहे, आणि आत्मा मिळालेले आपणही आपल्या शरीराच्या सुटकेची वाट पाहत कण्हत आहोत, असे तो लिहितो. माणूस सुटतो आणि जग टाकून दिले जाते, अशी शिकवण आपल्या प्रवचनांत आणि गीतांत बरीच शिरली आहे. या अध्यायाच्या आधाराने ती टिकत नाही. जमिनीला शाप माणसामुळे मिळाला होता, आणि माणसाच्या सुटकेबरोबर जमिनीचीही सुटका व्हायची आहे.

प्रकटीकरणाच्या शेवटच्या दोन अध्यायांत वरच्या प्रत्येक धाग्याचे टोक सापडते. नव्या नगराच्या वेशींवर देवदूत आहेत, एदेनच्या पूर्वेस करूब होते तसे, परंतु तरवार नाही आणि वेशी बंद होत नाहीत. नदी वाहते, जीवनाचे झाड आहे, त्याची पाने राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत, आणि शाप उरलेला नाही. ‘पाहा, देवाचा मंडप मनुष्यांजवळ आहे’ ही वाणी यहेज्केलाच्या वचनाची पूर्तता आहे. नगरात मंदिर नाही याचेही कारण दिले आहे : प्रभू देव स्वतःच त्याचे मंदिर आहे. बंदिवासातील लोकांना ‘काही काळ’ दिलेले पवित्रस्थान येथे कायमचे होते.

राहिला एक व्यावहारिक उपप्रश्न : मग ख्रिस्ती माणसाने आज स्वतःला घरी आलेला समजावे की परदेशी? पेत्राचे पहिले पत्र दोन्ही म्हणते. मौल्यवान रक्ताने तुम्हांला सोडवले आहे असे तो पहिल्या अध्यायात सांगतो, आणि त्याच वाचकांना पांगलेले, परदेशवासी व प्रवासी म्हणतो. पत्राच्या शेवटी ‘बाबेल’ येथील मंडळीचा सलाम कळवतो, ज्याने बहुतेक भाष्यकारांच्या मते रोम सूचित होते. अशा लोकांनी कसे वागावे याबद्दलचा त्याचा उपदेश यिर्मयाच्या पत्राशी जुळतो : राहता त्या समाजात चांगली कृत्ये करा, सर्वांना मान द्या, राजाचा मान राखा, आणि आशेचे कारण विचारणाऱ्याला सौम्यतेने उत्तर द्यायला सिद्ध असा. पुढे वाचायचे असेल तर यिर्मया २९, यहेज्केल ३६ व ३७, यशया ४० ते ५५ आणि १ पेत्र हे याच क्रमाने, शक्य तर सलग, वाचावे.